ज्याचा सांगावा, त्याच्याच कानात

कोल्हापूर, २ नोव्हेंबर

प्रिय भूषण,

जय भीम.

पोस्टाचं पाकीट बघून दचकला असशील. आजकाल पाकिटातून बँकेची नोटीस तरी येते नाहीतर लग्नाची पत्रिका. दोन्हींपैकी काही नाही, बस आणि वाच. तुझ्या त्या दुसऱ्याला पाकीट फोडता येत नाही, एवढ्याचसाठी मी पेन हातात घेतलंय. शाळा सुटल्यापासून एवढं सलग लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नकोस.

परवा फोनवर तू अगदी सहज सांगितलंस, त्यामुळे माझा राग आणखी वाढला. रोज सकाळी आबांच्या मोबाईलवर तुझ्या आवाजात जो निरोप येतो, तो तू बोलत नाहीस. तुझ्या जुन्या मेसेजवरून आणि आवाजावरून शिकलेला तो तुझा असिस्टंट बोलतो. घरच्या ग्रुपवरचं सगळं तोच वाचतो, तोच उत्तर देतो आणि रविवारी तुला आठवड्याचा गोषवारा देतो. आम्ही सगळे मिळून तुझा रविवारचा गोषवारा झालो.

मला हे कळलंच नसतं. आमच्या फ्लेक्सच्या दुकानात सोहेल आहे ना, तो निवडणुकीची कामं घेतोय. उमेदवाराचा आवाज एकदा भरून घ्यायचा, मग तो आवाज प्रत्येक मतदाराला फोन करून नावानं हाक मारतो. आपल्या आईलाही आला होता. "तानूबाई आक्का, तुमचा आशीर्वाद असू द्या." आई त्याच्याशी गटारीवरून चांगली दहा मिनिटं भांडली आणि वर म्हणाली, "माणूस चांगला हाय, उलट बोलत न्हाय." दुकानात मी हे सांगून हसत होते, तेवढ्यात ग्रुपवर तुझ्या आवाजातला निरोप आला. मी कौतुकानं सोहेलला ऐकवला. तो म्हणाला, "आक्का, राग मानू नका. ह्यो आवाज बनवलेला हाय. दिवसभर आमी हेच करतोय की."

मी त्याला झापलं. मग तुला फोन लावला. तू म्हणालास, "आक्का, मला खरंच वेळ नसतो. तो जे बोलतो तेच मी बोललो असतो. काहीच न जाण्यापेक्षा काहीतरी जातंय ना? आणि आबा खूश आहेत ना?"

आहेत. म्हणून तर माझं डोकं फिरलंय. तुझा आवाज ऐकल्याशिवाय आबा चहा घेत नाहीत. आईला म्हणतात, "थांब गं, पोराचं ऐकू दे आधी." आणि निरोपाची सुरुवात 'जय भीम आबा' अशी असते. तुझ्या तोंडून हे ऐकून त्यांना किती वर्षं झाली होती, ते मी तुला सांगायला नको.

आता मुद्द्याचं. आबांचं हृदय थकलंय. पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते, उशा रचून बसल्या बसल्या झोपतात. मागच्या आठवड्यात दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. परवा फोनवर रागात हे राहूनच गेलं, पण त्याआधीच मी ते ग्रुपवर लिहिलं होतं. तुझ्या नावानं लगेच उत्तर आलं, "आबांची काळजी घ्या, मी लवकरच येतोय." आबांना तेच आवाजातही आलं, "येतो आबा, नक्की येतो."

तुझ्या नावानं शब्द गेलाय, भूषण. तू दिला नसशील, पण गेलाय. आता तो पाळायला ये.

तुझी
आक्का


कोल्हापूर, २३ नोव्हेंबर

प्रिय भूषण,

जय भीम.

पत्र टाकल्यावर मी तुला मेसेज केला होता, पत्र पाठवलंय, वाच. त्यावर उत्तर आलं, "पत्र मिळालं आक्का. मन भरून आलं. डिसेंबरात नक्की जमवतो." मी खूश झाले आणि दुसऱ्या क्षणी विचारात पडले. हे तू लिहिलंस की त्यानं? मी त्याला पत्राचं सांगितलंच होतं, 'मिळालं' म्हणायला त्याचं काय जातंय? तू स्वतः लिहिलं असशील तर मी तुझ्यावर अन्याय करतेय. बघ कुठं आणून ठेवलंस, तू खरं बोललास तरी मला ओळखता येत नाही. म्हणून सांगते, दोन ओळी हातानं लिहून पाठव. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते मी लांबूनही ओळखीन.

आबांनी तुझ्या येण्याची तयारी लावलीय. बाहेरच्या खोलीतली कॉट आम्हाला हलवायला लावली, कारण "भूषणला पंख्याखाली झोप लागत न्हाय." गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. समोरच्या शालूबाई रोज विचारतात, "आला का बंगळूरचा पावणा?" मी म्हणते, येतोय. आबा खिडकीतून ऐकत असतात.

दोन वर्षांपूर्वी आबा तुझ्याकडे आले होते, तेव्हा काय झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी परत आले आणि "हवा मानवली न्हाय" म्हणाले. ते मला आत्ता, आजारपणात, तुकड्यातुकड्यानं कळलं. तुझ्या दारावरच्या कॅमेऱ्याच्या बेलनं विचारलं, कोण? आबांना वाटलं, तूच आतून विचारतोयस. टेलिफोनच्या खात्यात जन्म गेलेला माणूस, यंत्रात बोलायचं म्हणजे मोठ्यानं आणि नीट, ही त्यांची सवय. तिथंच कॉरिडॉरमध्ये उभं राहून त्यांनी सांगितलं, "जय भीम! मी आबा. बुद्धभूषणचा बाप. कोल्हापूरहून आलोय." शेजारच्या दोन दारांतून माणसं बाहेर आली म्हणे. तू दार उघडलंस आणि पहिलं वाक्य बोललास, "आबा, इथं असं मोठ्यानं नको."

तुला काय म्हणायचं होतं ते मला कळतं. मीही दुकानात बसते, आडनाव सांगितल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा कसा बदलतो ते मी पाहिलंय. तुला तिथं नुसतं 'भूषण' म्हणून राहायचंय तर राहा, मी न्याय करणारी कोण? पण जिना चढून आलेल्या म्हाताऱ्याला आधी पाणी द्यायचं होतंस रे.

आबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "चुकलं माझंच. जागा बघून बोलाय पायजे हुतं."

डिसेंबर लागायला आठवडा आहे. ये.

आक्का


कोल्हापूर, ७ डिसेंबर

भूषण,

जय भीम.

तुझ्या हातचं काही आलं नाही.

काल सहा डिसेंबर. आबांना बिंदू चौकात जायचं होतं. दरवर्षी पांढरा शर्ट घालून पुतळ्यापुढं उभे राहतात, ते एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चुकलं. शर्ट मात्र घालून घेतला. मी घरीच फोटोपुढं मेणबत्ती लावली, आईनं आणि मी त्रिशरण म्हटलं, आबांचे नुसते ओठ हलत होते. तेवढ्यात मोबाईल वाजला. "जय भीम आबा. आज बाबासाहेबांना विनम्र अभिवादन. तब्येत जपा, मी लवकर येतोय." आबांनी तो निरोप पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाले, "तेनं सोडलं न्हाय गं. मला वाटलं हुतं, पोरगं लाजतंय आपल्याला. आज सवताहून बोलला बघ."

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगणार होते. त्यांच्याकडं पाहिलं आणि मिटलं. ह्याचं मला वाईट वाटत नाही, भूषण. वाईट ह्याचं वाटतं की जे तू चार चौघांत बोलायला कचरलास, ते यंत्र न कचरता बोललं आणि आबांचा जीव त्यानं निवला.

मग आबांना बोलायची लहर आली. धाप लागत होती तरी आज्जाची गोष्ट काढली. तू लहानपणी ऐकली असशील, पण मला तरी सगळी पहिल्यांदाच कळली. राधानगरीकडच्या आपल्या गावात कुणाच्या घरी मयत झालं की सांगावा पोचवायचं काम आपल्या वाड्यावर असायचं. पावसाळा असो, भोगावतीला पूर असो, आज्जानं काठी घेऊन पायी निघायचं. पाहुण्यांच्या गावी पोचायचं आणि उंबऱ्याबाहेर, अंगणाच्या कडेला उभं राहायचं. आत घ्यायचे नाहीत. पाणी वरून ओतायचे, भाकरी लांबून टाकायचे. दुसऱ्याच्या मरणाची बातमी घेऊन जाणाऱ्याला असं वागवायचे.

"पर एक सांगतो," आबा म्हणाले, "आज्ज्याचा एक नेम हुता. सांगावा पोराबाळाजवळ द्यायचा न्हाय, शेजाऱ्याजवळ द्यायचा न्हाय. घरात नसला तर रानात हुडकून काढायचा, न्हायतर दारात बसून ऱ्हायाचं. ज्येचा सांगावा, त्येच्याच कानात. त्यो म्हणायचा, आरं, मानसाचं मरान हाय त्ये, मधी कुटं सांडाय नगं."

धम्मदीक्षा घेतल्यावर आज्जानं ते काम सोडलं. काठी चावडीत ठेवली आणि परत उचलली नाही. आबा मोठे होऊन टेलिफोनच्या खात्यात लाईनमन लागले. खांबावर चढून पहिली तार ओढली तेव्हा त्यांना वाटलं, सुटलो. आता आपल्यातल्या कुणावर दुसऱ्याच्या दारात उभं राहायची पाळी यायची नाही, सांगावा तार नेईल. म्हणून तर फोन, मोबाईल, जे नवीन येईल त्यावर ह्या माणसाचा एवढा लोभ. तू कॉम्प्युटर शिकायला निघालास तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते, आठवतंय ना? यंत्राला शिव्या द्यायला ह्या घरात मला तोंड नाही. आपल्याला यंत्रानंच वर काढलंय.

मी तुला आता येही म्हणत नाही. यायला जमत नसेल तर एक फोन कर. त्या दुसऱ्याला गप्प करून, तू स्वतः. काय बोलायचं सुचलं नाही तर बोलू नकोस, नुसता धर. आबांना चालेल. तारेवर काम करताना अर्धा दिवस नुसता रिसीव्हर कानाला लावून उभे राहिलेत ते.

लवकर कर.

आक्का


कोल्हापूर, मध्यवर्ती बस स्थानक, १९ डिसेंबर

भूषण,

स्टँडवरच्या बाकावर बसून लिहितेय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही. आधीच्या तीन पत्रांचं काय झालं मला माहीत नाही, बहुतेक तुझ्या बिल्डिंगच्या खालच्या पेटीत बिलांच्या गठ्ठ्यात असतील. हे मी तुझ्या हातात देणार आहे. म्हणजे हे वाचशील तेव्हा माझं तोंडानं सांगून झालेलं असेल, म्हणून इथं मोकळेपणानं लिहिते.

मंगळवारी सकाळी आबा गेले.

त्रास झाला नाही. सकाळी उशीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "भूषणची गाडी लागली का गं स्टँडवर?" मी म्हटलं, लागेल आता. "मग पानी ठेव आंगुळीला. दमून येनार त्यो." मी पाणी ठेवायला आत गेले. बाहेर आले तर मान कलली होती. तुझ्या आंघोळीचं पाणी नंतर आबांना घातलं.

सगळ्यांच्या आधी मी तुला फोन केला. उचलला गेला. तुझाच आवाज, एकदम स्वच्छ. "हॅलो, मी भूषण. आत्ता मीटिंगमध्ये आहे. काय निरोप आहे? मी पोचवतो." मी उभी होते, शेजारी आबा होते. मला जमलं नाही रे. 'आबा गेले' हे मी त्याला सांगायचं, त्यानं ते लिहून घ्यायचं आणि सवडीनं तुला द्यायचं? म्हटलं, भूषणला म्हणावं, ताबडतोब फोन कर. "नक्की सांगतो आक्का, काळजी घ्या." परत लावला, परत तोच. तिसऱ्यांदा मी त्याला शिव्या घातल्या. तोही उलट बोलला नाही, आईच्या उमेदवारासारखाच.

तासाभरानं चुलत भावानं, विश्वजितनं, आबांचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आपले आबा गेले. मला वाटलं, चला, आता तरी तुला दिसेल. लगेच तुझ्या नावानं उत्तर आलं. मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला पाठ झालंय. "अत्यंत दुःखद बातमी. आपल्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

'आपल्या कुटुंबाच्या'. पोटच्या पोरानं बापाला. आणि ईश्वर? आत्मा? आज्जानं ज्या दिवशी काठी ठेवली त्या दिवशी ह्या दोन गोष्टीही खाली ठेवल्या होत्या. आबांना रोज 'जय भीम' म्हणणारं तुझं यंत्र, आबा गेल्यावर दुकानातल्या तयार फ्लेक्ससारखं बोललं. असले मजकूर मी दिवसाला चार छापते, नाव आणि फोटो बदलायचा फक्त. आणि त्याखाली सगळ्या नातेवाइकांनी हात जोडले. मयताला आलेल्या मोनाकाकूंनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "गं दीक्षा, ह्ये भूषणनं लिवलंय?" मी म्हटलं, नाही. "मग त्येला ठावं हाय का न्हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की तुला ठाऊक नाही. गोषवारा रविवारी येतो. त्यात कुठंतरी एक ओळ असेल, नात्यातलं एक निधन, शोकसंदेश पाठवला.

विश्वजित म्हणाला, तुझ्या ऑफिसचा नंबर शोधतो, कुणाकडून तरी कळवतो. मी नको म्हटलं. त्याला राग आला आणि रास्त आहे तो. उद्या भावकी म्हणेल, बहिणीनं मुद्दाम कळवलं नाही, भावाला बापाचं तोंड बघू दिलं नाही. म्हणू दे. तसंही तू पोचेपर्यंत ठेवता आलं नसतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुण्यानुमोदनाचा विधी रविवारी आहे, दुपारी. मी आज निघून तुला घेऊन उद्या रात्रीपर्यंत परतू शकते.

खरं कारण हे की मला तुझ्यावर सूड घ्यायचा होता. मंगळवारी आणि बुधवारी तरी तसंच वाटत होतं. वाटायचं, वाच तू रविवारी तुझा गोषवारा आणि मग लोळ जमिनीवर. ह्या पत्रात खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं.

काल आईनं विचारलं, "भूषणला कळालं का?"

"नाही, आई."

"ग्रुपवर टाकलं की त्या विश्वजितनं."

"ते भूषणनं वाचलं नाही. त्याचं यंत्र वाचतं."

तिला सगळं सांगितलं. सकाळचा आवाज, येतो येतो, सगळं. मला वाटलं आई तुला शिव्या देईल. तिनं आबांच्या रिकाम्या कॉटवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या पोराला त्येचा बाप अजून जित्ता हाय." आणि रडायला लागली. आबा गेल्यापासून ती रडलीच नव्हती, भूषण. तुझ्यासाठी रडली.

डोळे पुसून म्हणाली, "तू जा. ज्येचा सांगावा त्येच्याच कानात. मी देतो भाकरी बांधून."

मी म्हटलं, आबांना आवडलं नसतं, आपल्यातलं कुणी परत असं दारात जाऊन उभं राहिलेलं. त्यासाठी जन्मभर खांबावर चढले ते. आई म्हणाली, "लोकाच्या मयताचा सांगावा न्ह्यायला लावायचं त्ये येगळं. ह्यो आपला हाय."

म्हणून निघालेय. सातची गाडी आहे, सकाळी तुझ्याकडं पोचेन. डब्यात भाकरी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, आबांचा पांढरा शर्ट आहे. तो तुला होईल.

तुझ्या दारावरची बेल विचारेल, कोण? मी तिला नाव सांगणार नाही, गाव सांगणार नाही, काम सांगणार नाही. आज्जा बाहेर उभा राहायचा कारण त्याला आत घेत नव्हते. मी उभी राहीन ती तू बाहेर यावंस म्हणून. आत नसलास तर जिन्यात बसेन. ऑफिसला गेलास तर परत येईपर्यंत बसेन, भाकरी आहे माझ्याजवळ.

दार तू उघडलंस की सांगावा लगेच सांगणार नाही. आधी तिथंच, कॉरिडॉरमध्ये, आबांसारखं मोठ्यानं 'जय भीम' म्हणेन. शेजारची दारं उघडली तर उघडू देत. तू काय उत्तर देतोस ते ऐकेन आणि मग तुझ्या कानाशी येऊन सांगेन.

तू काय उत्तर दिलंस, हे वाचताना तुला ठाऊक असेल. मला अजून नाही.

गाडी लागली.

आक्का